रोजची धाकधूक: उपाय तेच, पण क्रम चुकतो

काळजीने जीव घाबरा झाला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "दीर्घ श्वास घे." माणूस छाती फुगवून तीन-चार मोठे श्वास ओढतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरणं दुप्पट होतं. "श्वासाने माझं काही होत नाही" असं ठरवून तो विषय संपतो. चालण्याचंही तेच, झोपेचंही तेच. उपाय एकेकटा, ऐन गोंधळात, एकदाच करून बघायचा आणि सोडून द्यायचा.

हे उपाय काम करतात, पण शांत असताना शिकावे लागतात आणि ठरावीक क्रमाने करावे लागतात. खालचे सात टप्पे त्या क्रमाने आहेत. प्रत्येक टप्प्याला किमान आठवडा द्या. सातही गोष्टी येत्या सोमवारपासून एकदम सुरू करणारी मंडळी साधारण गुरुवारी थांबतात.

अपेक्षा काय ठेवायची तेही आधीच सांगतो. काळजी शून्यावर आणणं हे ध्येय ठेवू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणारच. तो गोळा असतानाही जेवण जावं, झोप लागावी आणि सकाळी पेपरला वेळेवर पोचता यावं, एवढं जमलं की पुरे.

## पूर्वतयारी: सुरुवातीला तीन गोष्टी

१. शरीराचं कारण तपासून घ्या. छातीत धडधड, हातांना कंप, घाम, अस्वस्थपणा ही लक्षणं काळजीची असतात, तशीच वाढलेल्या थायरॉइडची, रक्त कमी असल्याची किंवा साखर उतरल्याचीही असतात. दम्याचा पंप घेतल्यावर हात थरथरणं आणि ठोके वाढणं नेहमीचं आहे. सर्दीच्या काही गोळ्यांनीही छाती धडधडते. धडधड नव्याने सुरू झाली असेल, तर फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर एकदा बघून घ्या. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी त्यांना दाखवा. काउंटरवरून स्वतःच आणलेल्या गोळ्याही त्यात लिहा.

> इशारा: छातीत दाब किंवा आवळल्यासारखं दुखणं, ते डाव्या हातात, खांद्यात किंवा जबड्यात जाणं, थंड घाम, खूप धाप, बेशुद्धी यांपैकी काही असेल तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा. घाबरण्याचा झटका की हृदयाचा, हे पहिल्या वेळी घरी बसून ठरवता येत नाही.

२. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. "आता नैसर्गिक उपाय सुरू केले" म्हणून झोपेची किंवा चिंतेची गोळी एकदम सोडणारे बरेच असतात. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्या रोज घेत असताना अचानक थांबवल्या तर चिंता उसळून येते, झोप उडते आणि काही जणांना फिट येते. डोस कमी करायचा तर डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने.

३. एक आठवडा फक्त नोंद ठेवा. मुलांच्या जुन्या वहीची उरलेली पानंही चालतील. अस्वस्थ वाटलं की चार गोष्टी लिहायच्या: वेळ, कुठे होतो, शरीरात काय झालं, आणि ० ते १० मध्ये किती. त्याखाली एक ओळ: गेल्या काही तासांत काय खाल्लं-प्यायलं, आदल्या रात्री किती झोप झाली. नमुना असा:

*मंगळवार, सकाळी ११:२०. ऑफिस. साहेबांचा "केबिनमध्ये या" असा मेसेज. पोटात गोळा, तळहात ओले. ७. सकाळपासून तीन चहा, नाश्ता नाही, झोप पाच तास.*

या आठवड्यात काहीही बदलू नका. बहुतेकांना ही शेवटची ओळ वाचूनच पुढचा टप्पा कळतो.

सोबत जीएडी-७ ही चिंता किती आहे ते मोजणारी प्रश्नावली भरून ठेवा. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. साधारणपणे ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र चिंता धरतात. बेरीज १० किंवा जास्त आली तर हे टप्पे जरूर करा, पण डॉक्टरांची वेळही आत्ताच घ्या. "आधी हे करून बघतो, मग जातो" असं नको.

## टप्पा १: आधी भर घालणाऱ्या गोष्टी कमी करा

हा टप्पा कुणालाच आवडत नाही, कारण यात चहा येतो.

घरच्या एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलीग्रॅम कॅफिन असतं, कॉफीत त्याहून जास्त. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलीग्रॅमपर्यंत चालतं असं मानतात. पण ज्याला मुळात धडधडीचा त्रास आहे त्याला त्याच्या पाव हिश्शानेही त्रास होऊ शकतो. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं सुमारे पाच तासांनीही अंगात असतं. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला जागा ठेवतो, अपुऱ्या झोपेमुळे सकाळी चिडचिड, आणि ती घालवायला पुन्हा चहा.

कमी करण्याचा क्रम:

1. पहिले तीन-चार दिवस फक्त दुपारी दोननंतरचा चहा बंद.
2. मग रिकाम्या पोटीचा सकाळचा चहा नाश्त्यानंतर घ्यायचा. पोळी, पोहे, काहीही चालेल, पण आधी खाणं.
3. मग दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी, दिवसाला एक-दोन कपांवर येईपर्यंत.

नेहमीची चूक: पाच कपांवरून एकदम शून्यावर येणं. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, सुस्ती येते, चिडचिड होते, आणि "चहा सोडला तर जास्तच त्रास झाला" असं वाटतं. हा त्रास सोडल्याचा असतो आणि आठवडाभर टिकू शकतो. दुसरी चूक म्हणजे चहा सोडून ग्रीन टी धरणं. त्यातही कॅफिन आहेच. पावडर न घालता नुसता गवती चहा आणि आलं उकळून घेतलं तर चालेल.

ज्यांच्याकडे चतुर्थी-एकादशीचे उपास कडक असतात, त्यांनी वहीत उपासाचे दिवस खूण करून बघावेत. दिवसभर पोटात काही नाही आणि वर चहा चालूच, असं असेल तर त्या दिवशी थरथर आणि घालमेल होणं साहजिक आहे. उपास करा, पण ताक, फळं, दाणे, राजगिरा घेऊन.

तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी क्षणभर बरं वाटतं, पण निकोटीन ठोके वाढवतं आणि त्याचा अंमल उतरला की तलफेची अस्वस्थता सुरू होते. दारूचंही असंच आहे. रात्री झोप लागते, पहाटे तीनला जाग येते आणि सकाळ धाकधुकीत जाते. रोज जास्त पिण्याची सवय असेल तर तीही अचानक न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

झोपेसाठी एकच नियम आधी लावा: उठण्याची वेळ रोज एक, रविवारीही. झोपण्याची वेळ आपोआप सरकते. उलट करायला गेलं, म्हणजे झोप येत नसताना दहाला दिवा मालवून पडून राहिलं, की अंथरूण हीच काळजी करण्याची जागा होऊन बसते.

> तपासणी: दोन आठवड्यांनी वहीतले आकडे पहिल्या आठवड्याशी ताडून बघा. काही जणांचं काम या टप्प्यावरच बरंचसं होतं.

## टप्पा २: श्वास, पण शांत असताना

पोहायला कुणी बुडताना शिकत नाही, तसाच श्वासाचा सरावही घाबरलेले असताना शिकता येत नाही. पहिले दोन आठवडे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, पाच-पाच मिनिटं, मन ठीक असताना करायचा.

1. पाठीला आधार मिळेल असं बसा. पाय जमिनीला टेकलेले. मांडी घालून पाठ दुखत असेल तर खुर्ची घ्या.
2. एक हात बेंबीवर, एक छातीवर.
3. आधी श्वास सोडा. बरेच जण इथेच चुकतात. आत हवा भरलेली असताना आणखी ओढायला गेलं की छाती ताठते.
4. नाकाने चार अंक मोजत आत घ्या. नेहमीइतकाच श्वास, मोठा नाही. बेंबीवरचा हात किंचित वर यावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर.
5. सहा अंक मोजत सावकाश सोडा. फुंकू नका, नुसता जाऊ द्या.
6. मध्ये रोखायचं नाही. पुन्हा चार, पुन्हा सहा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात.

सोडण्याला जास्त वेळ का? श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, आत घेताना किंचित वाढतात. सोडणं लांबवलं की मंदावण्याचा काळ वाढतो. म्हणून इथे श्वास मोठा असण्यापेक्षा सावकाश असणं महत्त्वाचं. मोठे, भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यानेच डोकं गरगरतं, ओठ आणि बोटं मुंग्यांनी बधिरतात. माणूस समजतो हवा कमी पडतेय आणि आणखी जोरात ओढतो.

> तपासणी: सराव करताना मुंग्या किंवा चक्कर आली तर श्वास जास्त घेतला जातोय. थांबा, नेहमीसारखा श्वास चालू द्या, मग आणखी लहान श्वासाने सुरू करा. चार-सहा जड जात असेल तर तीन-चार करा.

योगवर्गाला जाणाऱ्यांसाठी: कपालभाती आणि भस्त्रिका हे जलद श्वासाचे प्रकार आहेत. घाबरलेल्या क्षणी ते करू नयेत. वर सांगितलेल्या कारणानेच ते घाबरणं वाढवू शकतात. अनुलोम-विलोम चालेल, पण कुंभक (श्वास रोखणं) न करता. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण असेल तर श्वास रोखण्याचे प्रकार टाळाच.

मोजायला कंटाळा येत असेल तर भ्रामरी सगळ्यांत सोपी. तोंड मिटून गुणगुणत श्वास सोडायचा. सोडणं आपोआप लांबतं, वेगळं मोजावं लागत नाही. ज्येष्ठ मंडळींना हाच प्रकार जास्त जमतो असं माझं निरीक्षण आहे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला मात्र पाळू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ते धोक्याचं ठरतं.

थोड्या लोकांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्तच गुदमरतं. त्यांनी हट्ट न करता पुढचा टप्पा धरावा.

## टप्पा ३: आवळलेलं अंग सोडवा

काळजी जबड्यात, खांद्यांत आणि पोटात बसते, आणि ते दुखायला लागेपर्यंत कळत नाही. रात्री अंथरुणावर दहा-पंधरा मिनिटं द्या. एका वेळी एकच भाग पाच सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडून पंधरा-वीस सेकंद तो सैल पडलेला अनुभवा. क्रम: मुठी, दंड, खांदे कानांकडे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. आवळताना श्वास रोखू नका. सगळी ताकद लावायची नाही, अर्ध्या जोराने पुरतं. पोटरीत गोळे येणाऱ्यांनी पाय वगळावेत.

चूक एकच, सोडण्याचा वेळ खाणं. पुढच्या भागाची घाई करू नका. मधेच झोप लागली तर उत्तमच, व्यायाम पूर्ण करायला उठू नका.

## टप्पा ४: चालणं

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम श्रम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा किमान मापदंड आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. शक्यतो सकाळच्या उजेडात. रात्रीच्या झोपेलाही त्याची मदत होते. पावसाळ्यात इमारतीचा जिना आहे, मजल्याचा पॅसेज आहे, पार्किंग आहे. जून ते सप्टेंबर चालणं बंद ठेवायचं कारण नाही.

फोनवर ऑफिसचं बोलत चालणं यात धरायचं नाही. पाय चालतात, पण डोकं खुर्चीतच असतं.

एक अडचण इथे हमखास येते आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. भरभर चाललं की छाती धडधडते, घाम येतो, धाप लागते. ज्याला याच लक्षणांची भीती आहे तो लगेच थांबतो. डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं असेल तर थांबू नका, वेग थोडा कमी करा आणि चालत राहा. धडधड वाढते आणि आपोआप उतरते, हे शरीराला रोज बघायला मिळणं हाही उपचारच आहे.

### मध्येच: "नैसर्गिक" गोळ्या आणि चूर्णं

या लेखातल्या टप्प्यांत मी कोणतंही चूर्ण घातलेलं नाही, आणि ते मुद्दाम. अश्वगंधा चिंतेवर थोडा उपयोगी पडते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, थायरॉइडच्या पातळीवर तिचा परिणाम होऊ शकतो आणि गरोदरपणात ती घेऊ नये. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. ज्येष्ठमध रोज बराच काळ घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी तो लांबच ठेवावा. जायफळ दुधात चिमूटभर ठीक, पण "झोप येत नाही म्हणून चमचाभर" हा प्रकार विषारी ठरू शकतो. लेबल नसलेल्या पुड्या कुणी कितीही खात्रीने दिल्या तरी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड आणि जड धातू सापडल्याची उदाहरणं आहेत.

घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून, आणि चालू ॲलोपॅथी औषधं त्यांना सांगून.

## टप्पा ५: काळजीला वेळ ठरवून द्या

"विचार करू नकोस" या सल्ल्याने विचार थांबल्याचं उदाहरण मला माहीत नाही. थांबवण्याऐवजी पुढे ढकलायचे.

1. रोजची एक वेळ ठरवा, वीस मिनिटांची. संध्याकाळी सहा-साडेसहा बरी. झोपण्याआधीचे दोन तास नकोत.
2. जागा एकच. पलंगावर नाही, देवघरासमोर नाही, जेवणाच्या टेबलावरही नाही. खिडकीजवळची खुर्ची चालेल.
3. दिवसभरात काळजी आली की दोन-चार शब्दांत टिपून ठेवा आणि स्वतःला सांगा, "सहाला बघू." मग हातातल्या कामाकडे वळा.
4. सहाला ती यादी घेऊन बसा. प्रत्येक ओळ तीनपैकी एका खान्यात टाका: मिटलं, माझ्या हातात आहे, माझ्या हातात नाही.
5. हातातल्या गोष्टीपुढे उद्याचं एकच पाऊल लिहा: कोण, काय, किती वाजता.
6. वेळ संपली की वही मिटवून उठा आणि लगेच काहीतरी हातांचं काम करा.

एक पान कसं दिसेल ते बघा:

*मोठीचा फोन सातला यायचा होता.* (कालची ओळ. फोन पावणेआठला आला. मिटलं.)
*हप्ता ५ तारखेला, पगार ७ ला.* (हातात आहे. उद्या ११ वाजता बँकेत जाऊन हप्त्याची तारीख बदलून मिळते का विचारणे.)
*आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, काही झालं तर?* (दोन भाग. रक्त-तपासण्या आणि भुलीच्या डॉक्टरांशी बोलणं हातात आहे: गुरुवारी. बाकी हातात नाही.)
*सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी जरा जास्तच बोलले का?* (हातात नाही. होऊन गेलं.)

तिसरी ओळ नीट बघा. मोठी काळजी बहुतेक वेळा दोन काळज्यांची गाठ असते. गाठ सोडवली की एक भाग कामाचा निघतो, आणि उरलेला "हातात नाही" मध्ये टाकायला मन कमी कुरकुरतं.

चुका: नुसतं लिहीत सुटणं आणि खाने न करणं. त्याने काळजी घोटली जाते, कमी होत नाही. दुसरी चूक, "आज काही नाही" म्हणून बैठक रद्द करणं. काही नसेल तर पाच मिनिटं बसून उठा, पण वेळ मोडू नका. सहाला बघायची खात्री असली तरच दुपारी दोनला मन ऐकतं.

## टप्पा ६: ऐन वेळी काय करायचं

इथपर्यंतचे टप्पे झाले असतील तरच हा उपयोगी. क्रम पाठ करा, कारण त्या वेळी मोबाइलमध्ये लेख शोधता येणार नाही.

1. ओळखा. मनात म्हणा, "ही धाकधूक आहे, आधीही आली होती, उतरली होती." तीव्र झटका साधारण दहा मिनिटांत शिखराला पोचतो आणि मग उतरतो.
2. पाय जमिनीला घट्ट टेका, खांदे सोडा.
3. श्वास सोडा. मग चार अंक आत, सहा अंक बाहेर, असं पाच-सहा वेळा.
4. आजूबाजूला बघा. पाच गोष्टी डोळ्यांनी, चार स्पर्शाने, तीन आवाज, दोन वास, एक चव. पुटपुटत मोजा: पंखा, कॅलेंडर, चपला, पाण्याची बाटली, स्विचबोर्ड.
5. पुढचं छोटं काम करा. कपडे वाळत घालणं, एक मेल पाठवणं. धाकधूक पूर्ण गेल्यावर करीन म्हणून थांबू नका.

गार पाण्याने चेहरा धुतल्यानेही ठोके जरा उतरतात. हृदयाचा विकार असणाऱ्यांनी बर्फाचे प्रयोग करू नयेत.

> इशारा: रक्तदाबाचं यंत्र कपाटात ठेवा. कोविडच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही. घाबरल्यावर रक्तदाब मोजला तर वाढलेलाच दिसतो, तो आकडा बघून आणखी घाबरायला होतं, पाच मिनिटांनी पुन्हा मोजला जातो. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच मोजा. लक्षणं इंटरनेटवर शोधणं आणि घरच्यांना "मला काही होणार नाही ना?" असं पुन्हा पुन्हा विचारणं, हीसुद्धा याच जातीची सवय.

घरच्यांसाठी: "काही होत नाही, उगाच करतोस" असं म्हणू नका. शेजारी बसा आणि स्वतः सावकाश श्वास घ्या. उत्तर एकदा द्या, दहा वेळा नको.

## टप्पा ७: टाळलेल्या गोष्टीकडे परत जा

हा टप्पा वगळला तर वरचे सहा अर्धवट राहतात. ज्या गोष्टीने धडधड होते ती टाळली की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी भीती जास्त वाढते. आधी गर्दीची लोकल सुटते, मग सगळ्याच लोकल, मग स्टेशनच्या बाजूचा बाजार.

समजा, डोंबिवलीच्या एका माणसाने गर्दीत गुदमरल्यावर ट्रेन सोडली आणि आता तो ठाण्याला रिक्षाने जातो. त्याची पायऱ्यांची यादी अशी होईल, कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत:

1. दुपारी बाराला प्लॅटफॉर्मवर वीस मिनिटं बसणं, गाड्या जाऊ देणं.
2. दुपारच्या स्लो लोकलने कोपरपर्यंत, सोबत कुणीतरी.
3. तेच, एकट्याने.
4. एकट्याने दिव्यापर्यंत, मग मुंब्रा, कळवा करत ठाण्यापर्यंत.
5. सकाळी दहानंतरची गाडी.
6. सकाळच्या गर्दीतली गाडी.

प्रत्येक पायरी पुन्हा पुन्हा करायची. भीतीचा आकडा सुरुवातीच्या निम्म्यावर यायला लागला की पुढची पायरी. आठ दिवसांत एकदा करून उपयोग नाही, आठवड्यात तीन-चार वेळा तरी हवी.

चुका: सरळ सहाव्या पायरीवर उडी मारणं. आकडा ९ असताना मधल्या स्टेशनवर उतरून पळणं. शक्य तेवढं थांबून आकडा थोडा खाली आल्यावरच उतरा, नाहीतर "पळालो म्हणून वाचलो" एवढंच डोक्यात बसतं. आणि तिसरी चूक, हातात पाण्याची बाटली, खिशात गोळी, कानाला बायकोचा फोन अशा आधारांशिवाय न निघणं. सुरुवातीला चालतील, पण एकेक करून सोडायचे. यादी करतानाच दरदरून घाम फुटत असेल, किंवा भीतीमागे एखादा अपघात वा अत्याचार असेल, तर हा टप्पा एकट्याने करू नका, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञासोबत करा.

## सातही टप्पे झाल्यावर

जीएडी-७ पुन्हा भरा. बेरीज खाली आली असेल तर टप्पा १, ४ आणि ५ चालू ठेवा, बाकीचे गरजेप्रमाणे. हलली नसेल, किंवा झोप, भूक, काम, घरातली नाती यांवर परिणाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, तिथे मानसोपचाराची ओपीडी असते. गोव्यात बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तणूक संस्था आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. जगू नये असे विचार येत असतील तर टप्पे सोडा, आजच फोन करा आणि घरात एका माणसाला तरी सांगा.

जाताना वही, दोन्ही वेळच्या बेरजा आणि औषधांची यादी घेऊन जा. चहा, तंबाखू, दारू आणि चूर्णांसह. तपासायला मिळतात दहा-पंधरा मिनिटं, त्यातली निम्मी "कधीपासून होतंय?" मध्ये जायला नकोत.